‘हल्ली काय ऐकता?’

दोन गानरसिक एकमेकांस भेटले आणि क्षेमकुशलाचे चार शब्द बोलून झाले, म्हणजे त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून बहुधा हा प्रश्न निघतो : ‘हल्ली काय ऐकता?’ प्रश्न दिसावयास साधा आहे. पुष्कळांच्या समजुतीने तो पाऊसपाण्याच्या चौकशीइतकाच औपचारिक होय. परंतु ध्वनिमुद्रणाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे आढळून येते की, या प्रश्नाने व त्याच्या उत्तराने गायकांना वाट दाखविली आहे, कधीच निघाल्या नसत्या अशा ध्वनिमुद्रिका काढावयास लावल्या आहेत आणि नष्ट होऊ घातलेले आवाज वाचविले आहेत. ज्या मुद्रिकेविषयी कोणी कोणाशी बोलत नाही, ती कपाटात असूनही नसल्यासारखीच असते. तेव्हा हा प्रश्न का महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर कसे द्यावे, याचा थोडा विचार करणे इष्ट आहे.

बैठकीतील गाणे हे त्या रात्रीचे असते. गवई गाऊन उठला, तंबोऱ्याच्या तारा उतरविल्या, की ते गाणे संपले. उरते ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत. दुसऱ्या दिवशी एखाद्या रसिकाने ‘काल बुवांनी काय तोडी गाइली!’ असे उद्गार काढले, तर न गेलेल्या गृहस्थाला हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. सांगणाऱ्याचे वर्णन खरे की अतिशयोक्त, हे ताडून पाहण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते. ध्वनिमुद्रिकेने ही स्थिती पालटली. तीच तान, तीच मींड, तोच समेवर येण्याचा क्षण पुण्यातील एका माजघरात आणि इंदुरातील एका दिवाणखान्यात जसाच्या तसा ऐकता येऊ लागला. ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत निषाद कसा लावला आहे पाहा’ असे एकाने पत्राने कळवावे आणि दुसऱ्याने त्याच जागी पिन ठेवून ते पडताळून पाहावे, ही सोय संगीताच्या इतिहासात पूर्वी कधी नव्हती. वाद झाला तर पिन उचलून पुन्हा मागे ठेवली की साक्षीदार हजर! रसिकांच्या बोलण्याला आधार मिळाला तो असा.

हे साधन आपल्याकडे कसे आले, ते थोडक्यात सांगावयास हवे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्यात आवाज नळकांड्यावर उमटे. १८८७ साली एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली आणि तिच्या ठशावरून हव्या तितक्या प्रती छापता येऊ लागल्या. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायस्बर्ग हा १९०२ साली कलकत्त्यास उतरला आणि त्याने तेथील कलावंतांचे आवाज मुद्रित केले. त्यांतील सर्वांत गाजलेले नाव गौहरजान यांचे. गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असे त्या इंग्रजीत मोठ्याने सांगत. आज ऐकणाऱ्याला त्याची मौज वाटते. परंतु त्यामागे व्यवहार होता. त्या काळी मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथे तबकड्या छापल्या जात, आणि तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही घोषणा उपयोगी पडे. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा भागात कारखाना निघाला, तेव्हा हा समुद्रप्रवास थांबला. तबकडीचा मुख्य घटक जी लाख, ती मात्र मुळापासून हिंदुस्थानचीच. छोटा नागपूरच्या पठारावर पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात. तेथली लाख परदेशी जाई आणि दगडाची पूड व काजळी मिसळून, गाणे अंगावर घेऊन, परत येई.

त्या काळच्या मुद्रणाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. आरंभी मायक्रोफोन नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावे लागे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकास एक पातळ पडदा असे. तो आवाजाने थरथरला की त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरीत जाई. मान हलविली, हातवारे करताना मागे सरकले, की आवाज बारीक पडे. तबला दूर बसविलेला, तंबोरा तर ऐकू येईल न येईल असा. १९२५ नंतर विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले आणि मायक्रोफोन आला, तेव्हा आवाजाचे बारकावे पुष्कळ अधिक उतरू लागले. एक अडचण मात्र दीर्घकाळ तशीच राहिली. दहा इंची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. बारा इंची असली तर सुमारे साडेचार मिनिटांत.

ख्यालगायक एक राग तासभर मांडतो. त्याला तीन मिनिटे देणे म्हणजे नदीला घागरीत शिर म्हणण्यासारखे होते. काही कलावंतांनी हे साधन याच कारणाने दूर ठेवले; काहींपर्यंत ते वेळेत पोहोचलेच नाही. १९२२ साली निवर्तलेले गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचा आवाज आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ हे १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांचे गाणेही तबकडीवर उतरले नाही. त्यांच्या गायनाची कल्पना त्यांच्या शिष्यांवरूनच करावी लागते. ज्यांनी तबकड्या दिल्या त्यांनी मात्र या तीन मिनिटांतून एक निराळीच कला निर्माण केली. विस्तार टाकून सार ठेवावयाचे, पहिल्या आलापातच रागाचे रूप उभे करावयाचे, अंतरा वेळेवर उचलावयाचा, आणि शेवटच्या तानेनंतर तिहाई घेऊन अगर मुखडा पकडून नेमके थांबावयाचे. म्हणून जुनी तबकडी ऐकताना ‘हे किती थोडे आहे!’ असे म्हणणाऱ्याने ‘एवढ्यात किती बसविले आहे!’ हेही पाहिले पाहिजे.

अशा एका तबकडीने काय घडू शकते याचे उदाहरण धारवाडकडचे आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेस होते, आणि त्यांच्या तबकड्या महाराष्ट्र व कर्नाटकात घरोघर वाजत. त्यांची झिंझोटी रागातील ठुमरी लहानग्या भीमसेन जोशी यांच्या कानांवर पडली. असे आपणासही गाता आले पाहिजे, या एका ध्यासाने ते १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाले. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा उत्तरेत भटकून झाल्यावर त्यांना गुरू लाभले ते घराजवळच, कुंदगोळ येथे. आणि ते सवाई गंधर्व म्हणजे त्याच अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य होते. तबकडीने मुलाला गायन शिकविले असे म्हणता येणार नाही. ते काम गुरूने केले. परंतु शोध कशाचा करावयाचा, हे मात्र तीन मिनिटांच्या त्या ठुमरीने सांगितले.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्व यांचे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा मुलगा घरी वाजणाऱ्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. नामांकित गवयांच्या लकबी, त्यांच्या ताना, त्यांचे आवाज लावणे हे सारे जसेच्या तसे त्याच्या गळ्यातून निघे, आणि १९३५ च्या सुमारास मोठमोठ्या परिषदांतून ऐकणारे थक्क होत. पुढे मुंबईस प्राध्यापक बा. र. देवधर यांच्याकडे शिक्षण सुरू झाले, तेव्हा अनुकरण कोठे संपते आणि गाणे कोठे सुरू होते याचा विचार त्यांना करावा लागला. आणि अखेर ज्यांचे गाणे कोणासारखेच नाही अशी त्यांची ख्याती झाली. या उदाहरणात एक इशाराही आहे. तबकडी दरवेळी तेच गाते. गायक मात्र दरवेळी तेच गात नाही. तीन मिनिटांच्या नमुन्यालाच संपूर्ण राग समजणारा रसिक, अगर विद्यार्थी, फसण्याचा संभव असतो. म्हणूनही एकाच तबकडीवर संतुष्ट न राहता दुसऱ्याने काय ऐकले हे विचारणे आवश्यक ठरते.

येथवरची उदाहरणे एका एका श्रोत्याची झाली. रसिक एकत्र आले आणि आपणांस काय ऐकावयाचे आहे हे त्यांनी एकमुखाने सांगितले, तर काय होते, हे पाहावयाचे असल्यास विलायतेतील एक प्रकरण उपयोगी पडेल. तेथील संगीताला तीनचार मिनिटांची अडचण आपल्याहून निराळ्या प्रकारे भोवली. आपला गवई ख्याल आवरता घेऊ शकतो. परंतु बेथोव्हेनच्या सिंफनीतील स्वर लिहून ठेवलेले असतात, ते आवरावयाचे कसे? आर्थर निकिश यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदासह १९१३ साली बेथोव्हेनची पाचवी सिंफनी मुद्रित केली, ती चार तबकड्यांच्या आठ बाजूंवर पसरली. ऐकणाऱ्याने दर चार मिनिटांनी उठून बाजू पालटावी आणि तुटलेला धागा मनात जोडावा! साहजिकच अशा लांब व गंभीर कृती काढण्यास कंपन्या नाखूष असत. प्रसिद्ध गाण्यांचा खप हमखास होता. सोनाटा कोण घेणार?

१९२३ साली कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने लंडनमध्ये ‘ग्रामोफोन’ नावाचे मासिक सुरू केले. नव्या तबकड्यांचे परीक्षण आणि वाचकांची पत्रे हा त्याचा प्राण होता. कोणाला काय आवडले, कोणती तबकडी घासलेली वाटते, कोणत्या पिनेने ती बरी वाजते, याची चर्चा त्यात होई. या चर्चेतून असे दिसून आले की गंभीर संगीत ऐकणारे लोक थोडे असले तरी आहेत. ते फक्त विखुरलेले आहेत. १९२४ साली वर्गणीदारांची एक संस्था काढून मॅकेन्झी यांनी कंपन्यांनी वगळलेल्या चतुष्टकांसारख्या कृतींच्या तबकड्या तिच्यामार्फत काढविल्या. हीच युक्ती १९३१ साली वॉल्टर लेग नावाच्या तरुणाने मोठ्या कंपनीत वापरली. हुगो वोल्फ या ऑस्ट्रियन रचनाकाराची गीते मुद्रित करावयाची होती. कंपनीला नुकसान नको होते. लेग यांनी सुचविले की, पाचशे वर्गणीदारांनी आगाऊ पैसे भरल्यास मुद्रण करावे. वर्गणीदार जमले, त्यांतील शंभरांहून अधिक तर जपानमधील होते! पुढे याच पद्धतीने आर्टुर श्नाबेल या पियानोवादकाने १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हेनच्या बत्तीसही सोनाटांचे मुद्रण केले. तत्पूर्वी हे सर्व सोनाटा एकत्र मुद्रित झालेले नव्हते, आणि श्नाबेल यांचे ते वादन आजही आदराने ऐकले जाते. ज्या गोष्टीला बाजार नाही असे व्यापाऱ्याने ठरविले होते, ती गोष्ट रसिकांनी एकमेकांस सांगून व वर्गणी भरून घडवून आणली.

आपल्याकडे अशा वर्गणीच्या संस्थांची प्रथा पडली नाही. कंपनी ज्याचा खप होईल ते काढी, आणि शास्त्रीय गायकही तिच्या यादीत नाट्यपदे, भजने व पुढे चित्रपटगीते यांच्या शेजारी बसे. त्यामुळे आपल्या रसिकांवर दुसरी जबाबदारी पडली : जे निघाले ते हरवू न देणे. आणि तेथेही पहिले पाऊल म्हणजे ‘हल्ली काय ऐकता?’ या प्रश्नाचे नीट उत्तर देणे हेच होय.

नीट उत्तर कशास म्हणावे? ‘मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो’ एवढे म्हणणे म्हणजे ‘ज्ञानेश्वर वाचतो’ असे म्हणण्यासारखे आहे. ऐकणाऱ्याला त्यातून आदर कळतो, पण वाट कळत नाही. गायक कोण, राग कोणता, मुद्रण कोणत्या काळातले, तबकडीवरचे की मैफलीतले, साथीला कोण, इतके सांगितले म्हणजे दुसरा ते शोधू शकतो. जुन्या तबकडीवरील कागदी चकतीवर नाव व राग छापलेला असतो, क्रमांक असतो, आणि शेवटच्या कोऱ्या वर्तुळात कोरलेला दुसरा एक बारीक क्रमांक असतो. या दुसऱ्या क्रमांकावरून मूळ मुद्रण ओळखता येते. एकच गाणे कलावंताने दोनदा मुद्रित केले असल्यास फरक तेथेच सापडतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, आपणांस त्यात काय आवडले ते बोट ठेवून सांगावे. ‘दुसऱ्या आलापात पंचम टाळून धैवतावर जी विश्रांती घेतली आहे ती ऐका,’ असे सांगणारा मित्र दहा नावे एका दमात घेणाऱ्या मित्राहून शतपट उपकारक. एका वेळी एकच मुद्रिका सुचवावी. दहा सुचविल्या तर ऐकणारा एकही नीट ऐकत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

सांगण्यापूर्वी आपण जे ऐकले ते खरेच तसे गाइले गेले होते काय, हेही पाहणे अगत्याचे असते. सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. आरंभीच्या काळात हे प्रमाण कमीअधिक असे. अठ्ठ्याहत्तराची तबकडी साडेब्याऐंशी फेऱ्यांनी फिरविली तर पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो, त्याचा आवाज बारीक होतो, आणि त्याची तान होती त्याहून चपळ वाटते. अशा चुकीच्या गतीने उतरवून घेतलेली मुद्रणे आज पुष्कळ फिरत आहेत. ‘पूर्वीच्या लोकांचा गळा काय विलक्षण फिरे!’ असे म्हणण्याआधी साथीच्या पेटीचा सूर कोणत्या पट्टीत येतो ते पाहावे. पेटीच्या पट्ट्या ठराविक असतात. सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच कोठेतरी लोंबकळत असला तर गतीविषयी संशय घेण्यास जागा आहे.

रसिकांच्या संवादाचे खरे फळ तुलनेत मिळते. उदाहरणार्थ, एकाने अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतील ठुमरी ऐकावी आणि दुसऱ्याने केसरबाई केरकर यांची भैरवी, आणि मग दोघांनी अदलाबदल करावी. राग एकच, अवकाश तोच तीन-साडेतीन मिनिटांचा. खाँसाहेबांचा बारीक, उंच पट्टीतला, किंचित आर्त आवाज प्रत्येक स्वराजवळ हळुवार जातो. स्वराला स्पर्श करण्यापूर्वीच तो त्याची चाहूल देतो. लयीचे भान आहे, पण लक्ष स्वरावर आहे. केसरबाईंचा आवाज भरदार आणि मोकळा. स्वर सरळ उभा राहतो, दमसास अखंड, आणि लयीशी आलापाची वीण इतकी घट्ट की कोठे टाका दिसू नये. किराणा आणि जयपूर या दोन घराण्यांच्या दृष्टींतील भेद पुस्तकातील दहा पानांनी जितका कळणार नाही, तितका या दोन तबकड्या लागोपाठ ऐकल्याने कळतो. कोणती श्रेष्ठ, हा वाद करीत बसण्याची जरुरी नाही. दोघांनी एकाच करुणेकडे जाण्याच्या दोन वाटा दाखविल्या आहेत.

केसरबाईंच्या याच भैरवीच्या नशिबी एक अपूर्व प्रवास होता, आणि तोही एका रसिकाच्या उत्तराने घडला. १९७७ साली अमेरिका ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे पाठविणार होती. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी ठेवावयाची होती. कोणा परक्या बुद्धिमान जीवाच्या हाती ती लागलीच, तर त्याला पृथ्वीवरील मनुष्याची ओळख पटावी, हा हेतू. कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळींनी जगभरचे सत्तावीस संगीतखंड निवडले. हिंदुस्थानातून काय घ्यावे, हा प्रश्न रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकाला विचारण्यात आला. त्यांनी आग्रहाने सांगितले ते केसरबाईंच्या भैरवीचे नाव. परंतु ती मुद्रिका तेव्हा सहजासहजी मिळत नव्हती. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत्‌उपकरणांच्या दुकानात, एका मेजाखालच्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या! बाख आणि बेथोव्हेन यांच्या शेजारी गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेचा साडेतीन मिनिटांचा स्वर जाऊन बसला. पहिले यान २० ऑगस्टला व दुसरे ५ सप्टेंबरला सुटले. आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले. जाणत्या माणसाने एकच नाव नेमके सांगितले नसते, अगर तीन प्रतींचे ते खोके कोणी आधीच रद्दीत काढले असते, तर ही गोष्ट घडली नसती.

खोके रद्दीत जाण्याचा प्रसंग नेहमीचा आहे. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ वादनाची तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसे. १९५५ साली अली अकबर खाँ यांचे सरोदवादन अशा तबकडीवर न्यूयॉर्क येथे मुद्रित झाले आणि रागविस्ताराला प्रथमच थोडी ऐसपैस जागा मिळाली. पुढे कॅसेट आली, चकचकीत चकती आली, आणि लाखेच्या तबकड्या माळ्यावर गेल्या. पुष्कळांच्या मूळ धातूच्या प्रती आता उपलब्ध नाहीत. अशा वेळी आवाज शिल्लक राहतो तो कोठल्या तरी घरात वाचलेल्या एखाद्या प्रतीत. मुंबईच्या चोरबाजारात उन्हातान्हात हिंडून, ओझी वाहून, पदरचे पैसे खर्चून ज्यांनी अशा प्रती गोळा केल्या त्यांचे उपकार मोठे आहेत. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिने संग्राहकांना एकत्र आणले, श्रवणाच्या बैठका भरविल्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढून तबकड्यांच्या याद्या व माहिती प्रसिद्ध केली. विलायतेतील वर्गणीदारांनी जे मुद्रणाच्या आधी केले, ते या मंडळींनी मुद्रणानंतर केले असे म्हणावयास हरकत नाही. संग्रह करून कपाटाला कुलूप लावणाराही पुष्कळदा प्रेमापोटीच तसे करतो. परंतु लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते, आणि तिच्याबरोबर ती जगात एकटीच असेल तर तो आवाजही जातो. दुसऱ्याला ऐकविणे आणि उतरवून घेऊ देणे हाच तिचा खरा विमा होय.

आज परिस्थिती अगदी पालटली आहे. पूर्वी ज्या एका तबकडीसाठी लोक गावोगाव फिरत, ती आता बोटाच्या टोकावर उपलब्ध असते, आणि तिच्यासारख्या हजारो. तेव्हा या जुन्या प्रश्नाचे महत्त्व कमी झाले आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. दुष्काळात काय खावे हा प्रश्न पडत नाही, सुकाळात पडतो. शिवाय या विपुलतेत रागांची नावे चुकलेली असतात, एकाच्या नावावर दुसऱ्याचे गाणे खपते, गती बिघडलेली असते. यंत्र पुढचे गाणे आपण होऊन सुचविते खरे, परंतु कोणत्या आवर्तनातली कोणती जागा मनाला लागली हे ते सांगत नाही. ते काम अद्यापही ज्याने मन लावून ऐकले आहे अशा माणसाचेच आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळच्या तबकड्या असतील त्यांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्या. तबकड्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवाव्या. धूळ मऊ कोरड्या ब्रशाने वा फडक्याने पुसावी. स्पिरिट मात्र कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते व आवाजाची रेघ पुसून जाते. चावीच्या यंत्रावर लावावयाच्या झाल्यास दर बाजूला नवी पिन घालावी. नव्या यंत्रावर लावावयाच्या झाल्यास दीर्घ वादनाच्या तबकडीची सुई वापरू नये. लाखेच्या तबकडीची रेघ अधिक रुंद असते, तिच्यासाठी वेगळी सुई मिळते. चकतीवरील नाव, राग आणि दोन्ही क्रमांक एका वहीत उतरून घ्यावे. आणि एवढे झाल्यावर त्यांतील एक तबकडी निवडून, ती तीनदा शांतपणे ऐकून, शेजाऱ्याला अगर दूरच्या मित्राला तिच्याविषयी चार ओळी लिहाव्या : गायक कोण, राग कोणता, आणि कोणत्या जागी काय ऐकावे. पत्राच्या शेवटी त्याला उलट विचारावे, ‘आणि आपण हल्ली काय ऐकता?’